सखातात्यांना विचारून घ्या

सखातात्या गायकवाडांच्या दारात पोचणं आणि त्यांच्या घरात शिरणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मध्ये किमान दोन मिनिटं जात. आलेल्या माणसानं उंबऱ्याबाहेर थांबायचं, शिट्टी घालायची, आणि आतून तात्यांनी रस्ता दिला तरच पाऊल उचलायचं. शिट्टी येत नसेल त्याला खोकण्याची सवलत होती. पोस्टमन खोकायचा. दूधवाला शिट्टी घालायचा. तात्यांचा मुलगा अशोक ठाण्याला कारखान्यात होता. दर शनिवारी तो पिशवी घेऊन स्वतःच्याच घराबाहेर ताटकळत उभा असलेला मी अनेकदा पाहिला आहे.

मी त्यांच्या शेजारची. कर्जतच्या एका दवाखान्यात नर्स होते. माझा स्वभाव तेव्हा जरा हुकमी होता, आणि आता निवृत्तीनंतर तो निवळला आहे असं घरातलं कुणी म्हणत नाही. पेशंटला विचारत बसलं तर दवाखान्याचं भजनी मंडळ होतं, असं माझं ठाम मत. "पालथे व्हा" म्हणायचं आणि पेशंट पालथा होईपर्यंत सुई आत. मी अशी, आणि शेजार हा असा.

पहिल्या दिवशी मी साखर मागायला सरळ आत शिरले, तर तात्या पाटावरून न हलता बायकोला म्हणाले, "पारू, बग गं, कुनाचा तरी बिरेक गेलाय."

याचा अर्थ मला पुढं कळला. तात्या रेल्वेत पॉइंट्समन होते. सारी नोकरी ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला, घाटातल्या एका केबिनीत. घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेला तर ती कुठल्या कुठं जाईल, म्हणून मध्ये एक फाटा ठेवलेला असतो. तो सरळ चढावर जातो आणि वाळूत संपतो. रुळांचा सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला. गाडीनं खाली यायचं, थांबायचं, शिट्टी देऊन रस्ता मागायचा, मग पॉइंट्समन दांडा ओढून तिला मुख्य रुळावर घेणार. न थांबता आलेली गाडी फाट्यावर चढून आपोआप गपगार होते. तीसेक वर्षं तात्यांनी हेच केलं. "थांबला त्याला रस्ता," असं ते म्हणत. "पळत येनाऱ्याचा बिरेक गेलाय असं धरूनच चालायचं. मंग तो लाट साहेब का असंना."

असा एक साहेब त्यांनी खरोखरच फाट्यावर चढवला होता म्हणे. तपासणीच्या ट्रॉलीवरून साहेब घाट उतरत होता. केबिनीपाशी थांबायचं, ते थांबला नाही. आपल्याला कोण अडवतोय, अशा थाटात आला आणि तसाच फाट्यावर चढून वाळूत जाऊन रुतला. तात्या टोपी घालून, सलाम ठोकून तिथं हजर. "साहेब, बिरेक गेला व्हता का?" साहेब काय म्हणाला ते तात्या दर वेळी वेगळं सांगत. एका आवृत्तीत साहेबानं बक्षीस दिलं, एका आवृत्तीत दंड केला, आणि पारूबाई म्हणत की त्या दिवशी हे रजेवर पोशीरला होते.

पोशीर हे त्यांचं मूळ गाव. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तात्यांनी लगोलग दोन गोष्टी केल्या. घरातले देव गावच्या नदीत सोडले आणि एका मास्तरांकडून सही शिकून घेतली. देव सोडताना पारूबाई रडल्या आणि पहिली सही करताना तात्या रडले. पुढं त्यांना सह्यांचा नादच लागला. वाण्याची चिठ्ठी, माझ्या रजेचा अर्ज, लग्नपत्रिकेचं पाकीट, कोरी जागा दिसली की तात्या विचारत, "करू का हितं?"

निवृत्तीनंतर पाचसहा वर्षांनी त्यांची आठवण ढिली व्हायला लागली. साठी बुद्धी नाठी म्हणून सगळ्यांनी आधी हसण्यावारी नेलं, कारण तात्या स्वतःच सगळं हसण्यावारी नेत. विसरल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही यात त्यांचं सगळं डोकं चालायचं. आमच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना तपासायला विचारलं, "तात्या, आज वार कोणता?"

"तुमाला सुटी हाय का आज?"

"नाही."

"मंग रविवार नाय."

"बरं, पंतप्रधान कोण आपले?"

"का? बदलला का?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या माणसाला काहीही आठवत नाही, आणि तरीही आपण हरलो.

पण पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि गंमत ओसरली. डोकं अंधुक, त्यात डोळे अंधुक. माणसं त्यांना सावल्यांसारखी अंगावर येताना दिसत. कोण, कशाला, काही उमगत नसे. ते हात उगारत. अंघोळ घालायला आलेल्या अशोकच्या तोंडावर त्यांनी तांब्या मारला. एरवी मुंगी न मारणारा माणूस, पण घाबरलेला. ते घाबरलेलं तोंड मला पाहवत नसे.

पारूबाईंना मात्र ते कधी मारत नसत. पारूबाई म्हणजे साठीला टेकलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या ताट घेऊन दाराशी थांबत, दोन बोटं तोंडात घालत आणि अशी सणसणीत शिट्टी मारत की माझ्या खिडकीवरचा कावळा उडे. आतून तात्यांचा तळवा वर होई: थांबा. मग जरा वेळानं ते उजवा हात लांब करून हवेतला दांडा जोर लावून ओढत आणि म्हणत, "या." मग त्यांना भरवा, न्हाऊ घाला, नखं काढा, गरीब गाय. कधी दांडा ओढला जात नसे. मग पारूबाई ताट घेऊन माघारी जात आणि अर्ध्या तासानं पुन्हा शिट्टी. हे मी रोज ऐकत होते. ऐकत होते आणि हसत होते, बाकी काही करत नव्हते.

त्या हिवाळ्यात कर्जतला शाळेच्या हॉलमध्ये नेत्रशिबिर भरलं. तो काळ असा होता की शिबिर म्हटलं की बाप्ये मंडळी शेताकडे पळायची. हे डोळ्यांचंच शिबिर आहे, नसबंदीचं नाही, हे आम्हाला घरोघर जाऊन सांगावं लागलं. तात्यांचं नाव मीच घातलं. दिसायला लागलं तर निम्मी भीती जाईल हे मला कळत होतं. अडचण एकच होती. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर पाच दिवस डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि उताणं पडून राहणं. हात पट्टीला गेला, टाका सुटला, की डोळा कायमचा गेला. आणि तात्यांना तर पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नव्हतं.

अशोक म्हणाला, "बाबांना काय विचारायचं शिस्टर? मी मुलगा हाय. करून टाका."

मलाही हेच हवं होतं. संमतीच्या कागदावर पेशंटचा अंगठा लागायचा. मी शाईचं पॅड घेतलं, खाटेवर बसलेल्या तात्यांचा हात धरला आणि अंगठा पॅडवर दाबला. शाळेच्या हॉलात शिट्टी घालायची माझी छाती नव्हती. माझ्या पांढऱ्या टोपीला काही अब्रू होती.

तात्यांनी अंगठा हुंगला. शाई. त्यांचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. "अंगठा?" ते ओरडले. "मी सही करनारा मानूस हाय! सही!" आणि तो अंगठा त्यांनी माझ्या पांढऱ्या पातळावर खांद्यापासून कमरेपर्यंत पुसला. मग कागद फाडला, पॅड फेकलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही उगाच एक ठेवून दिली. मोठे डॉक्टर पुण्याहून आलेले. ते लांबूनच म्हणाले, "बाई, हे काही जमणार नाही. नाव काढा यांचं."

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या पारूबाई जागच्या उठल्या नाहीत. माझ्या पातळाकडे बघून म्हणाल्या, "तुमी थांबलातच नाय वो. घुसलात." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, तुमाला शिटी येते का?"

मोठे डॉक्टर कुणाला लवकर उत्तर देत नसत. पण म्हातारीनं त्यांना दोन वाक्यांत घाटातला फाटा समजावला, आणि काय वाटलं कोण जाणे, ते उठून हॉलच्या दारापर्यंत गेले, वळले आणि त्यांनी शिट्टी मारली. अशी सुरेख की दोन मोतीबिंदूवाले उठून बसले. डॉक्टरसाहेब कॉलेजात ती नेमकी कुठं उभं राहून शिकले हे मी विचारलं नाही.

तात्यांचा तळवा वर झाला. डॉक्टर थांबले. घड्याळाकडे न बघता थांबले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग दांडा ओढला गेला. "या."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. डोळा कापणार, पाच दिवस उताणं पडायचं, पट्टीला हात नाही, सगळं हळू सांगितलं.

"आन गेला तर?" तात्यांनी विचारलं.

"तर तो डोळा गेला."

"आता तरी कुटं हाय?"

"आता उजेड कळतो तुम्हाला. तोही जाईल."

तात्या खाटेची कड चाचपत राहिले. मला वाटलं, प्रश्नच विसरले. पण म्हणाले, "करा. पन हात बांदायचं नाय."

बांधतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचे हात खाटेला बांधलेले होते आणि तो सकाळपासून बोंबलत होता. "मला दिसत नाय," तात्या म्हणाले, "ऐकू येतं."

सही त्यांनी केली. मी त्यांचं बोट नव्या कागदावर नेऊन ठेवलं, विचारून. सही तिरकी झाली, ओळ सोडून गेली, पण सही होती.

डॉक्टर सावध माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा दारातून शिट्टी घातली आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. तात्यांना आदल्या दिवसाचं काहीएक आठवत नव्हतं. डॉक्टरही नवे, डोळाही नवा. पण उत्तर तेच आलं, करा, आणि अटही तीच आली. डॉक्टर म्हणाले, "मग हा माणूस बोलतोय ते त्याचं स्वतःचंच."

आता अडलं ते हातांवर. बाहेर व्हरांड्यात मी स्पष्ट बोलले. "आता हो म्हणा आणि ऑपरेशन झाल्यावर बांधू. त्यांना कुठं आठवणार आहे? डोळा वाचणं महत्त्वाचं." अशोकनं मान डोलावली. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिले, म्हणजे त्यांनाही पटत होतं.

पारूबाई म्हणाल्या, "त्याना नाय आटवायचं. पन मला आटवंल ना."

ऑपरेशन झालं. हात मोकळे राहिले. पारूबाई, अशोक आणि मी, तिघांनी पाळ्या लावून पाच दिवस खाटेशी बसायचं ठरलं.

ते पाच दिवस म्हणजे एकच संभाषण होतं. तात्यांचा हात पट्टीकडे निघे. आपण हात धरायचा नाही, हळूच शिट्टी घालायची. मीही शिकले; फुंकरीत थोडा आवाज मिसळला इतपतच, पण तात्यांनी चालवून घेतलं. हात हवेत थांबे.

"तात्या, पट्टीला हात नको. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"कुनाचं?"

"तुमचं."

"मला इचारलं व्हतं का?"

"दोनदा."

"मी काय म्हनलो?"

"करा म्हणालात."

"मंग असंल," आणि हात खाली. पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. कधी मध्येच म्हणत, "शाना व्हतो मंग मी." दिवसातून पन्नास वेळा हे चाले आणि पन्नासही वेळा त्यांना आपलं म्हणणं पटे. बायकोशी भांडलेला माणूसही स्वतःशी इतका एकमतानं वागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी होती. पारूबाई घरी अंघोळीला गेल्या होत्या, अशोक जेवायला. मी दवाखान्याची ड्यूटी करून आलेली, डोळे मिटत होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका बाईला उलट्या सुरू झाल्या आणि माझ्या नावानं हाका आल्या. मी तात्यांकडे पाहिलं. शांत पडले होते. खिशात बँडेजची पट्टी होती. मी ती फाडली आणि त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधले. मऊ बांधले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

अर्ध्या तासानं परत आले तर तात्या जागे होते आणि मनगटं ओढून बघत होते. ओरडत नव्हते.

"हात कुनी धरल्यात?"

"मीच धरलेत तात्या."

"मला इचारलं व्हतं का?"

"हो."

"मी काय म्हनलो?"

"धरा म्हणालात."

"मंग असंल," तात्या म्हणाले आणि त्यांनी ओढणं थांबवलं.

आयुष्यात मी खूप सुया टोचल्या, पुष्कळ जणांना रडवलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दोन शब्दांनी मात्र माझी लाज काढली. मी घाईघाईनं गाठी सोडल्या. पारूबाई आल्या तेव्हा हात मोकळे होते, मी स्टुलावर होते, आणि तात्यांना काहीच आठवत नव्हतं. मी काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी दोन बोटं समोर धरली. "तात्या, किती?"

तात्या बराच वेळ बघत राहिले. "आदी नकं काडा," म्हणाले. सगळा हॉल हसला, आणि डॉक्टरांनी खरंच आपली नखं पाहिली.

पुढं जाड भिंगाचा चष्मा आला. विसरणं काही थांबलं नाही, उलट वाढलं. अशोकचं नाव गेलं, माझं तर आधीच गेलं होतं. पण दारात थांबलेला माणूस आता थांबलेला दिसायचा. हात उगारणं बंद झालं. पुन्हा ते दारातल्या लोकांची थट्टा करायला लागले, कोणाची ते माहीत नसताना.

दुसऱ्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा आलं, तेच डॉक्टर, आणि दुसऱ्या डोळ्याचा कागद मी उत्साहानं भरून ठेवला. या वेळी दारात थांबून शिट्टी मी घातली. तळवा वर झाला, रस्ता मिळाला, मी सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, "नको. एक हाय तो पुरं." दुसऱ्या दिवशी विचारलं, नको. तिसऱ्या दिवशी विचारलं. "शिस्टर हायेस ना तू? मंग कान तपासून घे. नको म्हनलो ना?" अशोक चिडला. पहिला डोळा इतका छान झालेला, मग दुसरा का नको? मलाही तेच वाटत होतं. हो म्हटलेलं ऐकायला सोपं असतं. हे नको मला औषधासारखं गिळावं लागलं. पण मी कागद परत दिला.

त्यानंतर दोनेक महिन्यांत माझी खालापूरला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले. दारात फुंकर मारली. तात्या ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होते. टरफलं वाटीत आणि डाळिंब्या जमिनीवर टाकत होते आणि पारूबाई मुकाट्यानं त्या उचलत होत्या. रस्ता मिळाल्यावर मी आत जाऊन बसले.

"वळकलं का, कोन आलंय?" पारूबाईंनी विचारलं.

तात्यांनी भिंगातून मला निरखलं. "नाय. पन ही इचारल्याबिगर हात लावनारी बाय नाय. बसू दे तिला."

माझ्यानं बसवेना. मी पारूबाईंच्या मागोमाग चुलीपाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. तिसरा दिवस, बँडेज, गाठी, वर दोनदा खोटं बोलले ते. पारूबाई चहाच्या आधणात साखर घालत होत्या. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "मनगटाव वळ व्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमी चवथ्या दिशी आला नसता. मला मानूस पायजे व्हतं." त्यांनी आधण ढवळलं. "माज्याशी काय बोलताय पन? हात माजं व्हतं का?"

मी ओटीवर आले. तात्यांच्या समोर बसले आणि म्हणाले, "तात्या, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुमचे हात बांधले होते. तुम्ही नको म्हणाला होता. मी विचारलं नव्हतं."

सोलणं थांबलं. त्यांना त्यातलं काही आठवण्याची सोय नव्हती. मी कोण हेही ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी ते नीट ऐकलं.

"मंग सोडलंस का?"

"सोडले."

"डोळा ऱ्हायला?"

"राहिला."

तात्यांनी विचार केला. मग चष्म्याआडून त्यांचा तो दिसणारा एक डोळा असा मिचकला की साहेबाला वाळूत रुतवणारा तो हाच माणूस याबद्दल माझी खात्री पटली. "हात पुडं कर गं."

मी दोन्ही हात पुढं केले.

"धरू का?"

"धरा."

त्यांनी माझी दोन्ही मनगटं आपल्या एका पंजात धरली. दांडा ओढून ओढून घट्ट झालेला पंजा होता, बांगड्या रुतल्या. "सुटून बग," म्हणाले. मी ओढून पाहिलं. सुटले नाही. तात्या खुदकन हसले, मग हसायचे थांबले, पण पकड तशीच राहिली. पारूबाईंनी चहा आणून ठेवला. त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी हात सोडले नाहीत, आणि मीही सोडा म्हटलं नाही. खालापूरची एसटी त्या दिवशी माझ्याशिवाय गेली.